संत थॉमसचा सण (दुक्राना, ३ जुलै)

संत थॉमस, मराठी बायबलात ज्याला थोमा म्हटलंय तो, येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक. परंपरेप्रमाणे तो भारतात आला आणि इ.स. ७२ च्या सुमारास मैलापूरजवळ (आताच्या चेन्नईत) भाल्याने भोसकून मारला गेला. त्याचा सण ३ जुलैला असतो. केरळमधले सिरियन ख्रिश्चन (सिरियन परंपरेची उपासना पाळणारे तिथले जुने ख्रिस्ती) या दिवसाला दुक्राना म्हणतात, म्हणजे स्मरणदिन. भारतातल्या कॅथलिक कॅलेंडरमध्ये हा सगळ्यात वरच्या दर्जाचा सण आहे, आणि सिरो-मलबार चर्चमध्ये (केरळच्या सिरियन परंपरेतलं, पोपला मानणारं कॅथलिक चर्च) तर त्या दिवशी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जावंच लागतं.

आता गंमत अशी की केरळात ३ जुलै हा त्याच्या मृत्यूचा दिवस मानतात, पण जुन्या नोंदींप्रमाणे तसं नाहीये. त्याच्या अस्थी भारतातून एडेसाला (आजचं तुर्कस्तानातलं शानलिउर्फा) नेल्या, त्याची आठवण म्हणून ही तारीख. रोमन कॅथलिक लोक कित्येक शतकं हा सण २१ डिसेंबरला करायचे, पण ते पडतं नाताळच्या तयारीच्या ऐन शेवटच्या आठवड्यात, म्हणून १९६९ च्या कॅलेंडर सुधारणेत तो उचलून ३ जुलैला आणला, जी तारीख सीरियन परंपरेत आधीपासून होतीच. ग्रीक ऑर्थोडॉक्स मात्र ६ ऑक्टोबरला धरतात. इंग्लंडमध्ये २१ डिसेंबरला गावातल्या गरीब बायका घरोघर फिरून गहू नाहीतर पैसे मागायच्या, त्याला नावच पडलं होतं ‘थॉमसिंग’.

चर्चमध्ये त्या दिवशी फादर लाल झगा घालतात, कारण हुतात्म्याचा सण. वाचन योहानाच्या २० व्या अध्यायातलं, जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा थोमा आणि मग ‘माझा प्रभू व माझा देव!’. यावरूनच त्याला संशयी थॉमस हे नाव चिकटलं, जे माझ्या मते जरा अन्यायच आहे, कारण त्याच शुभवर्तमानात येशू जिवावरच्या धोक्यात यहुदियाला परत निघतो तेव्हा चला आपणही याच्याबरोबर मरायला जाऊ असं म्हणणारा हाच माणूस होता, पण ते कोणाला आठवत नाही.

भारतात तो आला का, हा वादाचा मुद्दा. सगळ्यात जुनी सविस्तर कथा आहे ‘थॉमसची कृत्ये’ या सिरियाक (सीरियाकडची जुनी भाषा) ग्रंथात, तिसऱ्या शतकातला. त्यात येशू स्वतः थॉमसला गुलाम म्हणून हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला विकतो, कारण गुंडाफर राजाला राजवाडा बांधायला कारागीर हवा असतो. थॉमस राजाचे पैसे घेतो आणि सगळे गरिबांत वाटून टाकतो, वाडा कुठाय विचारलं तर म्हणतो स्वर्गात बांधलाय. राजा त्याला तुरुंगात टाकतो, तेवढ्यात राजाचा भाऊ मरतो, स्वर्गात तो वाडा बघतो आणि जिवंत होऊन ते सांगतो. बांधकामवाल्यांचा आणि आर्किटेक्ट लोकांचा संरक्षक संत थॉमस झाला तो यातूनच. ही सगळी दंतकथाच वाटायची, पण १९ व्या शतकात वायव्य सरहद्दीकडे गोंडोफरेस (म्हणजेच गुंडाफर) नावाच्या पार्थियन, म्हणजे प्राचीन इराणी वंशाच्या, राजाची खरीखुरी नाणी सापडली, आणि तख्त-इ-बाहीचा (आता पाकिस्तानात) शिलालेख तर त्याला पहिल्या शतकातच नेऊन बसवतो. यातून थॉमस आला होता हे सिद्ध होत नाही, एवढंच की कथा लिहिणाऱ्याला राजाचं नाव बरोबर माहीत होतं. केरळची परंपरा वेगळी आहे, तिथे तो इ.स. ५२ मध्ये समुद्रमार्गे मुझिरिस या केरळातल्या प्राचीन बंदराजवळ उतरला आणि साडेसात चर्च स्थापन केली असं मानतात.

चेन्नईत तीन जागा बघायच्या. सैदापेटला लिटल माउंटची गुहा, जिथे तो लपला म्हणतात, मग सेंट थॉमस माउंट जिथे मारला गेला, आणि सांथोम बॅसिलिका जिथे पुरला. बॅसिलिकाची आत्ताची पांढरी इमारत १८९० च्या दशकातली, खाली कबर. माउंटवरच्या चर्चमध्ये पहलवी (जुनी इराणी लिपी) अक्षरं कोरलेला दगडी क्रूस आहे, पोर्तुगीजांना तो १६ व्या शतकात सापडला आणि १८ डिसेंबरला त्यातून रक्त पाझरायचं अशी श्रद्धा. मार्को पोलोने १३ व्या शतकात लिहून ठेवलंय की भाविक या जागेची माती नेतात आणि तापकऱ्याला पाण्यातून पाजतात. त्याने ऐकलेली मृत्यूची गोष्टही वेगळीच, मोर मारणाऱ्याचा बाण चुकून लागला म्हणे!

अस्थींचा प्रवास एडेसाला थांबला नाही. त्या पुढे इटलीतल्या ओर्तोनाला गेल्या, १२५८ मध्ये, आणि तिथे त्यांचा वेगळा सण मेच्या पहिल्या रविवारी. त्यातलं हाताचं एक हाड १९५३ मध्ये केरळात कोडुंगल्लूरजवळ अळिक्कोडला परत आलं. २ डिसेंबर १९६४ ला पोप पॉल सहावे मुंबईत उतरले तेव्हा भारत सरकारने थॉमसचं तिकीट काढलं, त्यावरचा चेहरासुद्धा ओर्तोनाच्या पुतळ्यावरून घेतलेला.

मुंबईत त्याच्या नावाचं ठळक ठिकाण म्हणजे फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ च्या नाताळला सुरू झालेलं. किल्ल्याच्या ज्या दरवाज्यातून या चर्चकडे जायचे तो चर्चगेट, स्टेशनचं नाव त्यावरूनच. सिरो-मलबार मंडळींसाठी कल्याणला १९८८ पासून वेगळा धर्मप्रांत आहे, त्यामुळे दुक्राना आता आपल्याकडेही साजरा होतो, अर्थात मल्याळममध्ये. २०२१ पासून काही संघटना ३ जुलैला ‘येशू भक्ती दिवस’ही पाळतात, आणि केरळात या दिवशी सरकारी सुट्टी द्या ही मागणी अधूनमधून होत असते.