हयातीचा दाखला दिला होता, तरी पेन्शन का थांबली?

जानेवारी उजाडला की पेन्शनरांच्या कट्ट्यावर हमखास ऐकू येतं, "अहो, मी दाखला दिला होता!" आणि ते खोटं नसतं. दाखला दिलेला असतो, पण पोचायला हवा तिथे पोचलेला नसतो. गेली काही वर्षं नोव्हेंबरात ओळखीच्या आजी-आजोबांसोबत बँकेत जाऊन बसायचं काम माझ्याकडे आलंय. कुठे काय अडतं ते त्यातूनच कळत गेलं.

सगळ्यात आधी आपली पेन्शन देतं कोण, ते बघा. पैसे सगळ्यांचे बँकेतच जमा होतात, त्यामुळे बँकच देते असा समज असतो. राज्य सरकारच्या पेन्शनरांची पेन्शन कोषागार काढतं, मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा कारभार पंचायत समितीमार्फत चालतो. केंद्र सरकारच्या बहुतेक पेन्शनरांचा हिशोब बँक स्वतः ठेवते. कारखान्यात, खासगी कंपनीत किंवा महामंडळात राबलेल्यांची ईपीएस-९५ची, म्हणजे १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन भविष्य निर्वाह निधी कार्यालयाची. दाखला शेवटी या पेन्शन देणाऱ्याच्या दप्तरी लागला पाहिजे.

मुदतीचा घोळ इथूनच सुरू होतो. राज्य आणि केंद्र, दोन्हीकडे दाखल्याचा महिना नोव्हेंबर. केंद्राच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणजे गर्दीत उभं राहायला नको. ईपीएसचं मात्र वेगळं आहे. तिथे वर्षात कधीही द्या, दिल्या तारखेपासून १२ महिने चालतो. ही सोय चांगली, पण फसगतही तिच्यातच. मार्चमध्ये दाखला दिलेला माणूस शेजाऱ्याचं ऐकून पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरची वाट बघत बसतो. दाखला त्या वर्षीच्या मार्चमध्येच संपतो आणि पेन्शन थांबते. किमान १,००० रुपयांच्या पेन्शनवर औषधं आणणाऱ्याला तीन महिने ती न मिळणं म्हणजे काय, हे खिडकीपलीकडच्या माणसाला सांगून कळत नाही. ईपीएसवाल्यांनी दिल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि पुढच्या वर्षी त्याच्या पंधरा दिवस आधी उठावं.

राज्याच्या पेन्शनरांसाठी कोषागार बँकेकडे यादी पाठवतं. शाखेत जायचं, आपल्या नावासमोर सही करायची किंवा अंगठा द्यायचा. सोपं वाटतं ना? दोन वर्षांपूर्वी एका गुरुजींनी दुसऱ्याच पाटलांच्या ओळीत सही ठोकली. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, गाव वेगळं. यादी टेबलाच्या कडेला उलटी ठेवलेली, मागे वीस माणसं, "लवकर करा आजोबा" चाललेलं. ज्यांच्या ओळीत सही झाली ते पाटील बिनघोर, आमचे गुरुजी मात्र जानेवारीत कोषागाराच्या जिन्यावर. म्हणून नाव बघून सही करू नका, पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा (पेन्शन पेमेंट ऑर्डर) आपला नंबर बघून करा. आणि यादीत नावच सापडलं नाही तर "पुढच्या आठवड्यात या" यावर परत फिरू नका. शाखा बदलली असेल किंवा विलीन झाली असेल तर नाव जुन्या शाखेच्या यादीत असतं.

आता जीवन प्रमाण. २०१४च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ही ऑनलाइन सोय खरोखर उपयोगाची आहे. आधार, पीपीओ नंबर, बँक खाते क्रमांक आणि मोबाईल एवढं लागतं. बोट, डोळा किंवा चेहरा जुळला की प्रमाण आयडी येतो. लोक इथे सुटकेचा नि:श्वास टाकतात, आणि तिथेच चुकतात. तो आयडी म्हणजे दाखला तयार झाल्याची खूण. पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने तो स्वीकारला, असा त्याचा अर्थ नाही. फॉर्ममध्ये पेन्शन मंजूर करणारं आणि पेन्शन वाटणारं कार्यालय निवडायचं असतं. सायबर कॅफेतला पोरगा घाईत राज्याच्या पेन्शनरला केंद्राच्या यादीत टाकतो, किंवा कोषागाराच्या जागी बँक निवडतो, आणि दाखला भलत्याच दारात जाऊन पडतो. पीपीओ नंबरातला एक आकडा चुकला तरी तेच. आठ-दहा दिवसांनी स्वीकारला की नाकारला, हे तपासाच. ईपीएसचं निधी कार्यालयाच्या पेन्शनर पोर्टलवर दिसतं. बाकीच्यांनी बँकेत किंवा कोषागारात विचारावं.

दोन पेन्शन असतील, समजा स्वतःची आणि नवऱ्याच्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतन, तर दोन पीपीओ, म्हणून दोन दाखले. एक देऊन घरी आलेल्या बायका दरवर्षी भेटतात. पुन्हा लग्न केलेल्यांनी किंवा पुन्हा नोकरी धरलेल्यांनी जीवन प्रमाणच्या वाटेला जाऊ नये. त्यांना कागदावरचाच दाखला द्यावा लागतो.

बोटांचं दुखणं निराळंच. आयुष्यभर धुणीभांडी केलेल्या, दवाखान्यात फरशा पुसलेल्या एका मावशींचा अंगठा यंत्रावर अकरा वेळा ठेवून झाला. लाल दिवा पेटतो, "मॅच नाही" येतं, ऑपरेटर म्हणतो हात धुऊन या. हात धुऊन काय होणार? रेषाच उरल्या नाहीत. अशांसाठी चेहऱ्याची पडताळणी २०२१पासून आहे. अँड्रॉइड फोन, त्यावर आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाणचं ॲप, खिडकीसमोरचा उजेड, चष्मा काढून ठेवलेला, आणि पापणी मिचकवायची. मावशींचं पाच मिनिटांत झालं. तरीही जुळेना तर एक गोष्ट तपासा. फसवणुकीच्या भीतीने मुलाने आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय का? ते उघडल्याशिवाय बोट नाही की चेहरा नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांना उचलून बँकेत आणायची गरज नाही. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन यंत्र घेऊन घरी येतो, त्याचं सर्वसाधारण शुल्क ७० रुपये. लेकाकडे अमेरिकेत किंवा दुबईत असलात तर तिथूनही चेहऱ्याने होतं, नाहीतर भारतीय दूतावासात कागदावर सही घेता येते.

लोकांकडे हटकून नसलेली वस्तू म्हणजे पीपीओची प्रत. ट्रंकेत होती, पुरात गेली, भावाने नेली. ईपीएसचा नंबर बँक खाते क्रमांकावरून पोर्टलवर सापडतो. राज्य-केंद्रवाल्यांनी बँक किंवा कोषागारातून नंबर उतरवून घ्यावा आणि पासबुकाच्या मागच्या पानावर पेनाने लिहून ठेवावा. फोनवर मात्र तो कोणाला सांगू नका. "दाखला अपडेट करतो, ओटीपी सांगा" म्हणणारा माणूस कोषागारातला नसतो, कितीही गोड बोलला तरी.

बँकेत कागदी दाखला दिलात तर पोच मागा. सही-शिक्का असलेली पोच देणं केंद्राची पेन्शन वाटणाऱ्या बँकांना रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. दाखला त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत घेतलाच पाहिजे, "तुमच्या शाखेत जा" चालत नाही. बँकेच्या चुकीने पेन्शन उशिरा जमा झाली तर उशिराच्या काळासाठी वर्षाला ८ टक्के व्याज तिने स्वतःहून द्यायचं असतं. स्वतःहून कोण देतं, हे तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा पोचेची झेरॉक्स जोडून लेखी मागा.

आणि पेन्शन थांबलीच असेल तर घाबरून एजंटला पाचशे रुपये देऊ नका. पैसे बुडालेले नसतात. दाखला द्या, पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने तो घेतल्याची खात्री करा. मागची थकबाकी मिळते. कोषागाराची पेन्शन असेल तर बँकेच्या खिडकीवर भांडण्यात दिवस घालवू नका, तिथल्या मुलीच्या हातात काही नसतं. थेट कोषागारात जा, आणि सोबत पीपीओ नंबर, आधार, पासबुक न्या.