कळलावीमुळे घरात भांडणं लागतात?

कळलावीचा वेल अंगणात लावला की घरात भांडणं लागतात, असं खान्देशात अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात ती झुडपांवर आपोआप चढते. म्हणून काही तिथल्या पाड्यांवर रोज डोकी फुटत नाहीत. (भाऊबंदकीला बांधाची वीतभर जमीन पुरते.)

भ्यायचं ते कोल्चिसिनला. हे विष साऱ्या वेलात असतं, कंदात आणि बियांत जास्त. रताळं समजून कंद खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. लहान मुलं, गुरं असतील तिथे कळलावी नकोच. कंद हाताळताना हातमोजे घाला.

लावायचीच तर मे महिन्यात, निंबाच्या विरळ सावलीत. कंद आडवा, दोन-तीन इंच खोल ठेवा. कोंब टोकाला फुटतो, टोक मोडलं की कंद वाया. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात तो कुजतो. वाळू मिसळून वाफा उंच करा. पुढे पानाचं टोकच वळून आधार पकडतं. फूल आधी हिरवट-पिवळं, मग लालभडक, पाकळ्या मागे वळलेल्या. दिवाळीच्या सुमारास वेल वाळतो. मेला समजून कंद उपटू नका, फक्त पाणी बंद करा.