जुन्या ईसीयूवरील टर्बो मोटारीचे इंधन-ट्यूनिंग

टर्बोचार्जर बसवलेल्या पेट्रोल इंजिनाचा बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, वाढवला की त्याला जादा हवा मिळते आणि त्या हवेला पुरेल एवढे जादा पेट्रोलही लागते. हे पेट्रोल नेमक्या मापाने पोहोचवण्याच्या कामाला इंधन-ट्यूनिंग म्हणतात. आजच्या मोटारीत हे काम लॅपटॉप जोडून, ईसीयूतले (इंजिन चालवणाऱ्या संगणकातले) तक्ते बदलून होते. साधारण 1980 ते 1995 या काळातल्या टर्बो मोटारींचे ईसीयू मात्र 8-बिट प्रोसेसरचे, तुटपुंज्या मेमरीचे आणि कारखान्याने ठरवलेल्या बूस्टपुरतेच हिशेब शिकवलेले होते. असा ईसीयू जागेवर ठेवून इंधन जुळवणे हे वेगळे कसब आहे. प्रस्तुत नोंद त्याविषयी आहे.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक भाग पेट्रोलाला वजनाने 14.7 भाग हवा लागते. संथ, एकसारख्या वेगाने गाडी चालताना ईसीयू हेच प्रमाण धरून ठेवतो. भर बूस्टमध्ये मात्र हे प्रमाण 11.5 ते 12.5 पर्यंत खाली आणावे लागते, म्हणजे मिश्रण रिच करावे लागते. जादा पेट्रोलाची वाफ होताना ते सिलिंडरमधली उष्णता शोषून घेते आणि नॉकिंग लांबते. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, राहिले तर स्पार्कने पेटलेली ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते (हेच नॉकिंग), दाबाच्या लाटा उसळतात आणि पिस्टनच्या कडा, रिंगांमधल्या पट्ट्या किंवा हेड गॅसकेट यांपैकी काहीतरी जाते. बिनटर्बो इंजिन थोडेफार नॉकिंग बराच काळ सोसते. बूस्टखालच्या इंजिनाला ते काही सेकंदांत मोडू शकते. म्हणून या विषयात इंधनाचा विचार नेहमी नॉकिंगपासून सुरू होतो.

ही अडचण टर्बो मोटारींच्या जन्मापासूनची आहे. 1962 साली आलेल्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये 10.25:1 एवढ्या चढ्या कॉम्प्रेशनवर टर्बो बसवला होता. नॉकिंग टाळण्यासाठी डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडले जाई. ती टाकी भरायचे मालक विसरत आणि पुढे अनेक गाड्यांचे टर्बो काढूनच टाकावे लागले. 1975 च्या पोर्शे 911 टर्बोत बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक इंजेक्शन यंत्रणा होती. 1977 च्या मॉडेलपासून व्होल्वोने अमेरिकेतल्या 240 मालिकेत ऑक्सिजन सेन्सर आणला आणि धुराड्यातल्या वायूवरून मिश्रण सुधारून घेण्याची पद्धत सुरू झाली. साबने 1982 च्या सुमारास एपीसी यंत्रणा आणली. ती नॉकिंग ऐकून बूस्टच कमी करत असे, आणि त्या काळच्या मर्यादा पाहता तिचा विचार फार शहाणपणाचा होता.

ब्यूक ग्रँड नॅशनलचे उदाहरण : मर्यादित ईसीयू म्हणजे काय ते समजून घ्यायला 1986 आणि 1987 च्या ब्यूक ग्रँड नॅशनलइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. 3.8 लिटरचे व्ही-6 इंजिन, टर्बो, इंटरकूलर आणि प्रत्येक सिलिंडरला क्रमाने पेट्रोल देणारी इंजेक्शन यंत्रणा असा तिचा संच होता. कारखान्याचे आकडे 1986 साठी 235 आणि 1987 साठी 245 अश्वशक्ती असे होते. तिचा ईसीयू आत येणारी हवा एअरफ्लो सेन्सरने मोजतो आणि ते माप ग्रॅम प्रतिसेकंद या एककात एकाच बाइटमध्ये ठेवतो. एका बाइटमध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा 255. त्यामुळे इंजिनात सेकंदाला 255 ग्रॅम हवा शिरली काय किंवा 320 ग्रॅम शिरली काय, ईसीयूला दोन्ही सारखेच दिसते. मूळ बूस्टवर हा आकडा गाठला जात नसल्याने कारखान्याच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती. ढोबळ हिशेबाने 255 ग्रॅम हवेत 330 ते 340 अश्वशक्तीची सोय होते. बूस्ट वाढवणारे त्यापलीकडे गेले आणि भिंत तिथे लागली.

पुढचा भाग अधिक नाजूक आहे. हा ईसीयू हवेच्या मापाला आरपीएमने भागून दर फेऱ्याला सिलिंडरवर किती भार आहे ते काढतो आणि त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. हवेचा आकडा 255 वर अडकला आणि आरपीएम चढतच राहिले, तर भागाकार लहान होत जातो. इंजिनाला पेट्रोलाची सर्वाधिक गरज असते, नेमका त्याच वेळी ईसीयू हात आखडता घेतो. ईसीयूची मेमरी-चिप नव्याने लिहिणाऱ्यांनी यावर तोड काढली. पॅडल पूर्ण दाबल्यावर लागू होणाऱ्या तक्त्यात त्यांनी आरपीएमनुसार जादा इंधन थेट लिहून टाकले. तोडगा चालला, पण अशी चिप एका विशिष्ट मापाच्या इंजेक्टरला, एका इंधनदाबाला, एका बूस्टला आणि एका ऑक्टेनला बांधलेली असते. तीच चिप ठेवून कोणी बूस्ट आणखी दोन पीएसआय (दाबाचे एकक) वाढवला तर मिश्रण लीन होते आणि कमी केला तर रिच. ईसीयूला यातला फरक कळत नाही, कारण त्याचे मोजणे आधीच थांबलेले असते.

याच ईसीयूत इंधन-दुरुस्तीचे दोन आकडे असतात आणि दोन्हींचा मध्य 128. ऑक्सिजन सेन्सर मिश्रण लीन असल्याचे सांगू लागला की आकडा 128 च्या वर चढतो, म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतो. रिच असेल तर खाली उतरतो. संथ वेगात हा आकडा 140 च्या आसपास रेंगाळत असेल तर कुठेतरी हवेची गळती आहे, इंधनाचा फिल्टर तुंबला आहे किंवा इंधनदाब कमी आहे, हे अनुभवी माणूस बॉनेट न उघडता ओळखतो. हे आकडे ईसीयूतून बाहेर येतात ते 160 बॉड (सेकंदाला 160 बिट) इतक्या मंद गतीने. एक पूर्ण नोंद यायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात तिसऱ्या गिअरमधली गाडी शेकडो आरपीएम पुढे गेलेली असते. म्हणून जुन्या ईसीयूच्या आकड्यांवरच विसंबून भर बूस्टचे ट्यूनिंग करू नये.

इंजेक्टर आणि त्याचा वेळ : चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरची पाळी दोन फेऱ्यांतून एकदा येते. 5,000 आरपीएमला दोन फेऱ्यांना 24 मिलिसेकंद लागतात, 6,000 ला 20. इंजेक्टर त्याहून जास्त वेळ उघडा राहू शकत नाही, आणि उघडण्या-मिटण्यात एखादा मिलिसेकंद जातोच. म्हणून उपलब्ध वेळेच्या 80 ते 85 टक्क्यांपर्यंतच त्याला राबवतात. मिनिटाला 300 मिलि. देणारे सहा इंजेक्टर 85 टक्क्यांवर चालले तर तासाला सुमारे 68 किलो पेट्रोल मिळते. टर्बो इंजिन भर बूस्टमध्ये दर अश्वशक्तीला तासाला 270 ग्रॅमच्या आसपास पेट्रोल खाते. म्हणजे मर्यादा 250 अश्वशक्तीला येते. कोणतेही यंत्र विकत घेण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा. पुष्कळ इंजिने हा हिशेब न केल्यामुळे गेली आहेत.

इंधनदाब : सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे रेग्युलेटर बदलून इंधनाचा दाब वाढवणे. ईसीयूला काही कळू न देता तेवढ्याच वेळात जास्त पेट्रोल जाते. साधा रेग्युलेटर मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब जेवढा वाढेल तेवढाच इंधनदाब वाढवतो, त्यामुळे इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक कायम राहतो. ‘रायझिंग रेट’ रेग्युलेटर बूस्टच्या प्रत्येक पीएसआयला इंधनदाब अनेक पीएसआयने चढवतो. बिनटर्बो मोटारींना नंतर टर्बो बसवणाऱ्यांनी तो भरपूर वापरला. पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 3 बारचे 4 बार केले तर पेट्रोल फक्त साडेपंधरा टक्क्यांनी वाढते, आणि दुप्पट पेट्रोल हवे तर दाब चौपट लागतो. दाब चढला की पंपाचा पुरवठा मात्र घटतो. त्यामुळे हा उपाय थोड्या बूस्टपुरता ठीक. त्यावर मोठी इमारत उभी करू नये.

पंपाच्या वायरिंगकडे तर बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मागच्या टाकीपर्यंत गेलेली तीस वर्षे जुनी बारीक वायर भार पडल्यावर व्होल्टेज खाते. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि पंपाच्या टर्मिनलवर 11.5 व्होल्ट असे माप मिळाले, तर दोष ईसीयूत शोधण्यात अर्थ नाही. ब्यूकवाल्यांमध्ये जाड वायर आणि रिले घालून पंपाला थेट वीज देण्याचा ‘हॉट वायर’ संच पहिल्या दुरुस्त्यांमध्ये धरला जातो, तो याच कारणाने.

सेन्सरचा संकेत बदलणे : ईसीयूच्या आतले काही बदलता येत नसेल तर त्याला मिळणारी माहिती बदलायची, ही दुसरी वाट. पिगीबॅक म्हणतात ती पेटी एअरफ्लो सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसते. जपानच्या अपेक्सी कंपनीचा ‘सुपर एएफसी’ हे तिचे गाजलेले उदाहरण. समजा, 1990 च्या मित्सुबिशी एक्लिप्समधले मिनिटाला 450 सीसी देणारे इंजेक्टर काढून 660 सीसीचे बसवले. आता तेवढ्याच वेळात जास्त पेट्रोल जाणार, म्हणून हवेचा संकेत 32 टक्क्यांनी कमी करून ईसीयूला दाखवायचा. मिश्रण जागेवर येते. शिवाय हवा ठरावीक मापाबाहेर गेली की इंधनच तोडणारा ‘फ्युएल कट’सुद्धा लांबतो.

किंमत मात्र टायमिंगमध्ये, म्हणजे स्पार्क देण्याच्या वेळेत, मोजावी लागते. ईसीयू इंधनाचा आणि स्पार्कचा हिशेब हवेच्या त्याच एका मापावरून करतो. हवा 32 टक्क्यांनी कमी दिसली की इंजिनावर भार हलका आहे असे समजून तो स्पार्क आधी देतो. हलक्या भाराला ते योग्यच असते; भर बूस्टमध्ये तेच नॉकिंगला आमंत्रण ठरते. मीटरवर मिश्रण 11.8 दिसते, मालक निर्धास्त होतो आणि इंजिन मात्र टायमिंगने मरते. जुन्या ईसीयूवर इंधन एकटे कधीच हलत नाही, त्याच्याबरोबर टायमिंगही हलते. ही एकच गोष्ट पक्की समजली तर या विषयातल्या निम्म्या दुर्घटना टळतील. दाबाच्या सेन्सरचा व्होल्टेज एका मर्यादेला अडवून फ्युएल कट चुकवणारी छोटी यंत्रे याहून धोक्याची, कारण कारखान्याने ठेवलेला शेवटचा पहारा ती उठवतात आणि बदल्यात थेंबभरही पेट्रोल वाढवत नाहीत.

चिप आणि स्वतंत्र ईसीयू : ज्या ईसीयूची मेमरी सॉकेटमधून काढता येते, तिथे नवी चिप लिहून इंधन आणि टायमिंग वेगवेगळे मांडता येतात. शक्य असेल तिथे हाच मार्ग धरावा. पुढे मोठा एअरफ्लो सेन्सर बसवून त्याचा संकेत जुन्या ईसीयूला कळेल असा करून देणारे ‘ट्रान्सलेटर’ आले. 2001 च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी मेगास्क्वर्ट हा स्वतः जोडण्याजोगा ईसीयू आणला आणि मूळ ईसीयू बाजूला ठेवणे सामान्य हौशी माणसाच्या खिशाला परवडू लागले.

मोजमाप आणि क्रम : कारखान्याचा साधा ऑक्सिजन सेन्सर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये फिरतो आणि 14.7 च्या आसपासच अचूक बोलतो. 11.5 आणि 12.5 यांतला फरक त्याला नीट सांगता येत नाही, आणि तापमानानुसार त्याचा व्होल्टेज सरकतो. भर बूस्टच्या कामाला रिचपासून लीनपर्यंतचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सरच हवा. त्याच्या जोडीला इंधनदाबाचा गेज आणि नॉकिंगची नोंद. नॉकिंगचा आवाज सिलिंडरच्या व्यासानुसार साधारण 5 ते 7 किलोहर्ट्झचा असतो आणि कानाला ऐकू येईपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. प्लग काढून पाहण्याची जुनी पद्धतही सोडू नये. पांढऱ्या चिनी मातीवर काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते बारीक कण दिसले तर ते कण पिस्टनचे आहेत, आणि गाडी तिथेच थांबवावी.

कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी हवेच्या गळत्या, फिल्टर, पंपाचे व्होल्टेज. मग मूळ इंधनदाब. मग संथ वेगातले दुरुस्तीचे आकडे मध्यावर आणणे. त्यानंतर कमी बूस्टवर, शक्यतो डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), तपासणी. पेट्रोल आधी वाढवायचे आणि बूस्ट नंतर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

भारतात : ग्रँड नॅशनल किंवा एक्लिप्स भारतात विकल्या गेल्या नाहीत. रांजणगावला बनलेली 2015 ची अबार्थ पुंटो किंवा चाकणची पोलो जीटी टीएसआय यांचे ईसीयू आधुनिक आहेत आणि त्यांचे ट्यूनिंग रिमॅपने, म्हणजे ईसीयूतले तक्ते बदलून, होते. तरी कॉमन-रेल डिझेल गाड्यांना लावली जाणारी ‘ट्यूनिंग बॉक्स’ ही पेटी जुन्याच तत्त्वावर चालते. रेलमधला दाब खऱ्यापेक्षा कमी असल्याचे ती ईसीयूला दाखवते आणि ईसीयू दाब वाढवतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते अधोरेखित केले.

आता पंपांवर मिळणाऱ्या ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलाने या हिशेबात नवी भर घातली आहे. त्याचे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण 14.7 ऐवजी साधारण 13.5 असते, म्हणजे तेवढ्याच हवेला आकारमानाने सात-आठ टक्के जास्त इंधन लागते. संथ वेगात ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. भर बूस्टमध्ये जुना ईसीयू त्याचे ऐकत नाही, आणि शुद्ध पेट्रोलावर 80 टक्क्यांवर चालणारे इंजेक्टर 86 टक्क्यांवर जातात. इथेनॉलमुळे नॉकिंगला होणारा विरोध वाढतो हे खरे, पण ज्या गाडीचे इंजेक्टर आधीच मर्यादेला टेकले आहेत तिला आधी मोठे इंजेक्टर द्यावे लागतात आणि त्यानुसार टायमिंग पुन्हा तपासावे लागते.