गिटारची पर्यायी लाकडे आणि स्वर

गिटारचा टॉप (तारांखालची पुढची फळी) स्प्रूस किंवा सीडरचा, पाठ आणि बाजू शिसवी किंवा महोगनीच्या, हा अकूस्टिक गिटारचा रूढ संच. त्याबाहेरच्या लाकडांना पर्यायी लाकडे म्हणतात. हा शब्द ठिकाणावर अवलंबून आहे. परदेशात 'ईस्ट इंडियन रोझवूड' म्हणून विकले जाणारे लाकूड म्हणजे सह्याद्रीतला काळा शिसव. कोल्हापुरात परका ठरतो तो स्प्रूस. इथल्या वखारीत सहज मिळतात ती सागवान, आंबा आणि फणस. तून हे लाकूड शेजारच्या मिरजेत सतारीसाठी रुळलेले आहे.

स्वराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग टॉप, म्हणजे सतारीच्या भाषेत तबली. तार स्वतः फारच थोडी हवा हलवते. तिचे कंपन ब्रिजमधून, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीतून, तबलीत उतरते आणि तबली हवा ढकलते. म्हणून तबली हलकी असूनही ताठ हवी. स्प्रूसची घनता घनमीटरला साधारण ४०० ते ४५० किलो असते, सागवानाची सुमारे ६५०. रेषांच्या दिशेने दोघांचा ताठपणा जवळपास सारखाच, पण सागवानी तबलीचे वजन दीडपट. तितके वजन हलवायला तारेची ताकद कमी पडते आणि आवाज बसका येतो. तून ४५० ते ५०० किलोच्या आसपास असल्याने तबलीसाठी स्थानिक लाकडांत तोच जवळचा. मात्र तो स्प्रूसपेक्षा कमी ताठ असतो, त्यामुळे रंधताना स्प्रूसच्या २.८ मि.मी. जाडीऐवजी ३ मि.मी.च्या थोडे वरच थांबावे. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो: जाडी १० टक्के घटली की ताठपणा सुमारे २७ टक्के जातो. रंध्याचा एक हात जास्त फिरला तर ती चूक भरून काढता येत नाही.

पाठ आणि बाजूंचा प्रभाव समजला जातो त्यापेक्षा बराच कमी आहे. स्पॅनिश कारागीर अंतोनियो दे तोर्रेस यांनी १८६२ मध्ये पाठ-बाजू पुठ्ठ्याच्या करून हेच दाखवले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासात फक्त पाठ-बाजूंचे लाकूड वेगळे असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांनी, लाकूड ओळखू येऊ नये म्हणून वेल्डिंगचे चष्मे लावून, वाजवल्या. त्यांनी दिलेल्या गुणांत लाकडानुसार फारसा फरक पडला नाही. म्हणजे महाग लाकडासाठी अडून बसण्याचे कारण नाही. पाठीसाठी सागवान, आंबा किंवा फणस निर्धास्त घ्यावा. फणस तर तंजावर वीणेत आणि मृदंगात पिढ्यानपिढ्या वापरला जातो.

तरीही एकाच जातीच्या दोन फळ्या सारख्या निघत नाहीत, म्हणून प्रत्येक फळी आधी वजन करून तपासावी. ५५ × २१ सें.मी. आणि ४ मि.मी. जाड फळीचे आकारमान ४६२ घनसेंमी. वजन ३०० ग्रॅम भरले तर घनता ६५० किलो. वजनानंतर टकटक: लांबीच्या टोकापासून पाचव्या भागाच्या किंचित आत, कडेजवळ, फळी चिमटीत सैल धरावी आणि मध्यभागी बोटाच्या पेराने ठोकावे. चांगल्या शिसवाची आस, म्हणजे ठोक्यामागे उरणारा नाद, रेंगाळते, घंटेसारखी. 'ढब' करून आवाज तिथेच विरला तर लाकूड ओले आहे, तडकलेले आहे किंवा मुळातच मऊ आहे.

कोल्हापुरात काम बिघडते ते बहुधा हवेमुळे. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी होते. पावसाळ्यात फुगलेली पाठ चिकटवली की उन्हाळ्यात ती आकसते, पण बाजू तिला हलू देत नाहीत, आणि मधोमध चीर जाते. म्हणून जोडकाम कोरड्या दिवसांत किंवा ४५ ते ५० टक्के आर्द्रता राखलेल्या बंद खोलीत करावे. फळी गाभ्यापासून सालीकडे उभी चिरलेली घ्यावी. सागवानात ती आडव्या चिरीच्या निम्मीच आकसते. जुन्या वाड्यांच्या पाडकामातल्या सागवानी तुळया यासाठी उत्तम, कारण त्या वर्षानुवर्षे वाळलेल्या असतात. चिरण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत.

प्रत्येक लाकडाची खोड वेगळी. सागवानात तेल असते, त्यामुळे सरस धरत नाही: जोडाची कड ताजी रंधून ॲसिटोनने पुसावी आणि लगेच चिकटवावी. त्यातल्या सिलिकाने पाते लवकर बोथट होते. शिसवाच्या तेलामुळे पॉलिश चिकट राहते. आधी शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात द्यावा. आंब्याला कीड लागते, आणि त्याच्या रेषा उलटसुलट असल्याने रंधा ओरखडे काढतो. बाजू २ मि.मी.पर्यंत उतरवून गरम नळीवर वाकवताना आंबा कमरेच्या वळणावर तुटतो, म्हणून सरळ रेषांचीच पट्टी निवडावी. फणसाचा पिवळा रंग उजेडाने तपकिरी होत जातो. स्वराला त्याने काही होत नाही.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप तारेचे कंपन टिपतो, त्यामुळे तिथे लाकडाचा प्रश्न मुख्यतः वजनाचा आणि मान सरळ राहण्याचा आहे.

सागवान, आंबा आणि फणस ही झाडे तोडायला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार परवानगी लागते. शिसवासह डालबर्जिया वंशातील सर्व जाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या, नियंत्रणाखाली आहेत. २६ नोव्हेंबर २०१९ पासून शिसवाच्या तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कच्च्या फळीला ती सूट नाही.