वजन भरतंय, पण पोषणाचं काय?

मूल लंगडायला लागतं, मग पाय टेकायलाच नकार देतं. एक्स-रे होतात, रक्ततपासण्या होतात, निदान सापडत नाही. हिरड्या सुजून रक्त येऊ लागल्यावर कुणीतरी विचारतं, ‘हा रोज खातो तरी काय?’ ठरावीक बिस्किटं, पांढरा ब्रेड, बस्स. आजार असतो स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाचा तीव्र अभाव. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांमधल्या अशा कितीतरी नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

ठरावीक पदार्थच खाण्याला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख करून दिली, तेव्हाच खाण्याच्या अडचणी टिपल्या होत्या. या मुलांपैकी अनेकांना वास, चव, स्पर्श फार तीव्रतेने जाणवतात. बिस्किट रोज तसंच लागतं; द्राक्षाचा मात्र एक मणी गोड, दुसरा आंबट, तिसरा पिचपिचीत. काहींना भुकेची जाणीवच नीट होत नाही. म्हणून ‘उपाशी ठेवा, आपोआप खाईल’ हा सल्ला इथे धोक्याचा ठरतो.

फसगत होते ती वजनकाट्यामुळे. २०१३ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. या मुलांच्या आहारात कॅल्शियम आणि प्रथिनं कमी आढळली, उंची-वजनात मात्र ठळक फरक नव्हता. पिष्टमय पदार्थांवर वजन भरतं आणि सगळे निर्धास्त राहतात. किशोरवयात उलटाही प्रश्न येतो: तीव्र चिडचिडीसाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी भूक वाढून वजन झपाट्याने चढतं.

ग्लुटेन (गव्हातलं एक प्रथिन) आणि दूध बंद केल्याने ऑटिझमची लक्षणं कमी होतात, याला भक्कम पुरावा नाही. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचं दूध तोडलं, तर हाडांचा हक्काचा कॅल्शियम जातो. आतड्यातल्या जिवाणूंमुळे ऑटिझम होतो, असंही बरंच बोललं जातं. २०२१ साली २४७ मुलांवर झालेल्या अभ्यासातून वेगळीच दिशा दिसली: मोजकंच खाल्ल्यामुळे जिवाणूंमधली विविधता घटत असावी.

आधी बद्धकोष्ठता, आम्लपित्त, किडलेले दात तपासून घ्यावेत. दुखतंय हे मूल सांगू शकेलच असं नाही. आठवडाभर काय काय खाल्लं ते लिहून आहारतज्ज्ञांना दाखवावं. नवा पदार्थ आवडत्या पदार्थाच्या जवळचा निवडावा, आधी नुसता ताटाशेजारी ठेवावा, खाण्याची सक्ती न करता. आवडत्या पदार्थात औषध किंवा भाजी गुपचूप मिसळणं मात्र टाळावं. चव बदललेली मुलाला लगेच कळते, आणि खात होतं तेवढंही ते सोडून देतं.