धनुष्याला दोरी निवडताना आधी टोकं बघा

बाण सुटतो तेव्हा दोरी दोन कामं करते. ती बाणाला ढकलते, हे सगळ्यांना दिसतं. त्यानंतर लगेच, पुढे झेपावणारे धनुष्याचे दोन्ही बाहू ती जागच्या जागी रोखते. बाहूंमध्ये साठलेली सगळी ऊर्जा बाणात जात नाही. उरलेली ऊर्जा हिसक्याच्या रूपाने दोरीवर, तिच्या फासांवर आणि बाहूंच्या टोकांवर येते. पारंपरिक धनुष्यासाठी दोरी निवडताना हा हिसकाच डोळ्यांपुढे ठेवावा. म्हणून रीळ हातात घेण्याआधी धनुष्याची टोकं बघा.

टोकाला नुसतं लाकूड किंवा बांबू असेल आणि खाच त्यातच कोरलेली असेल, तर डॅक्रॉनची दोरी घ्यावी. टोकावर शिंगाचा किंवा फायबर-रेझिनचा कडक थर बसवलेला असेल आणि बनवणाऱ्याने ‘फास्टफ्लाइट चालेल’ असं सांगितलं असेल, तरच कमी ताणणारी आधुनिक दोरी लावावी. इंदुरात नवशिक्याच्या हातात बहुधा इंडियन राउंडचं, म्हणजे देशी धनुष्यांच्या स्पर्धाप्रकाराचं, बांबूचं धनुष्य येतं, आणि ‘वेग वाढतो’ एवढं ऐकून त्यावर फास्टफ्लाइट चढवायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. टोकं पहिल्याच दिवशी तुटत नाहीत. आधी खाचेच्या तळाशी बारीक रेघ दिसते, मग दोरी तिथे रुतत जाते, आणि एके दिवशी टोक उभं चिरतं.

असं का होतं? क्रिकेटमध्ये वेगाने आलेला झेल घेताना आपण हात मागे नेतो, कारण चेंडू थांबायला जितका जास्त वेळ मिळतो तितका हाताला मार कमी बसतो. डॅक्रॉन म्हणजे पॉलिस्टर. ते ताणलं जातं आणि बाहूंना थांबायला थोडं जास्त अंतर मिळतं. फास्टफ्लाइट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोऱ्या विशेष प्रकारच्या पॉलिथिलीनच्या असतात. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्याच धाग्याची व्यापारी नावं. १९८०च्या दशकात हा धागा धनुर्विद्येत आला. तो फारच कमी ताणतो, त्यामुळे बाहू जवळजवळ एका झटक्यात थांबतात. बाणाला थोडी जास्त ऊर्जा मिळते, पण टोकांवरचा घाव तीव्र होतो.

वेगात फरक किती पडतो, तेही मोजून पाहू. दोरीचा मधला भाग बाणाच्या वेगाने धावतो, तर टोकांजवळचा जवळजवळ हलत नाही. म्हणून दोरीच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग बाणाच्या वजनात मिळवला की हिशेब जमतो. समजा बाण २५ ग्रॅमचा आहे, बाहूंच्या हालचालीत अडकणाऱ्या ऊर्जेसाठी ५ ग्रॅम धरले आणि डॅक्रॉनची दोरी ९ ग्रॅमची आहे. एकूण झाले ३३ ग्रॅम. त्याऐवजी ५ ग्रॅमची दोरी लावली तर हाच आकडा ३१.७ होतो. वेग वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे वाढ फक्त २ टक्के. दोरी कमी ताणण्याचा फायदा धरला तर आणखी थोडी. जुन्या किंवा बांबूच्या धनुष्याचा जीव एवढ्यासाठी पणाला लावण्यात अर्थ नाही. मजबूत टोकांच्या रिकर्व्हवर, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर, मात्र ही वाढ जरूर घ्यावी.

आता पदर, म्हणजे दोरीतले धागे, किती घ्यायचे? डॅक्रॉनचा एक पदर साधारण ५० पौंडांची ओढ सोसतो. धनुष्याची ओढ, म्हणजे ते पूर्ण खेचायला लागणारं बळ, २५ ते ३५ पौंड असेल तर १० पदर, ३५ ते ४५ला १२, ४५ ते ५५ला १४ आणि त्यापुढे १६. ४० पौंडांच्या धनुष्याला १२ पदर म्हणजे ६०० पौंडांची दोरी. ही उधळपट्टी नाही: बाहू थांबतानाचा क्षणिक ताण खेचण्याच्या ओढीच्या कितीतरी पट असतो, आणि झिजलेले एक-दोन पदर तुटले तरी बाकीच्यांनी भार पेलायला हवा. फास्टफ्लाइटचा पदर १०० पौंडांच्या आसपास किंवा त्याहून जास्त सोसतो, म्हणून ताकदीपुरते ८ पदरही पुरतात. पण मग दोरी इतकी बारीक होते की फास सुरीसारखा खाचेत रुततो. यावर उपाय म्हणजे फक्त फासांच्या जागी ४ ते ६ जादा पदर घालून फास जाड करणं.

हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची सुतळी धनुष्याला लावू नये. नायलॉन खूप ताणतं, पाणी शोषतं आणि ओलं झालं की आणखी लांबतं. सकाळी घेतलेलं माप पावसाळी दुपारी टिकत नाही, आणि बाण कधी वर, कधी खाली लागतात. तिरंदाज स्वतःच्या हाताला दोष देत बसतो, दोष मात्र दोरीचा असतो.

ताणणं आणि कायमचं लांबणं या दोन गोष्टींची गल्लत होते. ताण सोडला की दोरी पूर्ववत होते, ते ताणणं. भार उतरल्यावरही राहते ती कायमची वाढ. शुद्ध डायनीमा फार कमी ताणतो, पण सतत भाराखाली हळूहळू लांबतो आणि उष्णतेत हा वेग वाढतो. म्हणून काही धाग्यांत डायनीमाबरोबर व्हेक्ट्रन मिसळतात. व्हेक्ट्रन जवळजवळ लांबत नाही. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून बरंच तापतं. दोरी चढवलेलं धनुष्य गाडीत ठेवू नका: दोरी लांबतेच, शिवाय धनुष्याचे थर जोडणारा गोंदही मऊ पडू शकतो. नायलॉनचं टोक अगरबत्तीने वितळवून बंद करायची सवय असेल तर डायनीमाच्या दोरीजवळ ती आग नेऊ नका. हा धागा सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळतो, आणि शेजारचे पदर आतून कमजोर झालेले बाहेरून दिसत नाहीत.

इंदूरपासून पश्चिमेला झाबुआ-अलिराजपूरच्या भिल्ल समाजाच्या तीरकमठ्याला दोरी असते ती बांबूच्या सालीच्या कामटीची. ही निवड धाग्याच्या शास्त्राला धरून आहे. बांबूचे मजबूत तंतू बाहेरच्या सालीजवळ सर्वांत दाट असतात आणि कामटीत ते टोकापासून टोकापर्यंत सलग येतात, म्हणून ती फार ताणत नाही. पीळ देऊन तिची लांबी मात्र कमी-जास्त करता येत नाही, आणि तीव्र वळण तिला सोसत नाही. म्हणून फासाची जागाच आधी तपासावी लागते. संस्कृतात दोरीला मौर्वी म्हणतात ते मूर्वा या वनस्पतीच्या तंतूंवरून. शाळेच्या भूमितीतली वर्तुळाची जीवा हीसुद्धा मुळात धनुष्याची दोरीच! अळशी आणि भांगाच्या तंतूंच्या दोऱ्या आजही वळता येतात. त्या कमी ताणतात, पण घड्यांना लवकर कंटाळतात, बुरशी धरतात आणि सूचना न देता तुटतात. अभ्यासासाठी जरूर वळाव्यात, रोजच्या सरावासाठी नकोत.

लांबीचा हिशेब सोपा आहे. धनुष्यावर लिहिलेल्या लांबीपेक्षा रिकर्व्हची दोरी ४ इंच आणि लाँगबोची (सरळ बाहूंच्या धनुष्याची) ३ इंच कमी. ६२ इंची रिकर्व्हला ५८ इंच, ताणून फासाच्या टोकापासून टोकापर्यंत. दोरी वळण्याच्या दोन पद्धती आहेत. एंडलेस लूपमध्ये एकच धागा दोन खुंट्यांभोवती गुंडाळून फासांवर वेगळा धागा घट्ट गुंडाळतात. फ्लेमिश ट्विस्टमध्ये पदरांचे दोन गठ्ठे एकमेकांभोवती पिळून फास तयार होतो. लाकडी धनुष्याला ही पद्धत जास्त मानवते, कारण फास जाड आणि मऊ येतो. १२ पदरी दोरीसाठी ६-६ पदरांचे दोन गठ्ठे, प्रत्येक पदर धनुष्याच्या लांबीपेक्षा १८ इंच जास्त, आणि टोकं अर्ध्या-अर्ध्या इंचाने मागेपुढे, म्हणजे सांधा हळूहळू निमुळता होतो. टोकापासून आठेक इंचांवर पिळायला सुरुवात करा. प्रत्येक गठ्ठा स्वतःभोवती एका दिशेला पिळायचा आणि दोन्ही गठ्ठे एकमेकांभोवती उलट दिशेला, तरच ते एकमेकांना धरतात. रिकर्व्हचा वरचा फास मोठा ठेवा, कारण दोरी उतरवल्यावर तो बाहूवरून खाली सरकतो.

शेवटी पूर्ण दोरीला इंचामागे अर्धा पीळ, म्हणजे ५८ इंचांना तीसेक पीळ द्या. पीळ वाढवला की दोरी आखडते आणि दोरी व मुठीतलं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, वाढते. रिकर्व्हला ती बहुधा साडेसात ते साडेआठ इंचांच्या आत ठेवतात. इथे एक चूक वारंवार होते: फ्लेमिश दोरीला उलट पीळ दिला की सांधा सैल होऊन फास सुटतो. पीळ कायम सांध्याच्याच दिशेने वाढवावा. नवी डॅक्रॉन दोरी पहिल्या पन्नास-शंभर बाणांत बसते, तोवर ब्रेस हाइट रोज मोजा.

दोरीच्या मध्यावर, बाण लावतो तिथे, धागा गुंडाळलेला असतो; या मधल्या गुंडाळीची जाडी बाणाच्या शेपटाच्या खाचेनुसार हवी. बाण दोरीला लावून उभा लटकवा. तो आपोआप पडू नये, पण दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारताच सुटावा. खाच घट्ट असेल तर गुंडाळीचा धागा बारीक घ्या. खाच तासून मोठी करू नका, बाणाचं शेपूट फुटतं.

दोरीवर बोट फिरवताना लव उभी लागली तर मेण चोळा, आणि चामड्याच्या तुकड्याने घासून आत मुरवा. गुंडाळीवर मेण नको. पदर तुटलेला दिसला, गुंडाळी सरकली किंवा फासाच्या मुळाशी धागा चपटा झाला, तर दोरी बदला. आणि बाण सोडताना दोरी तुटलीच, तर नवी दोरी चढवण्याआधी दोन्ही बाहूंवरून कापसाचा बोळा टोकापर्यंत फिरवा. बाणाविना दोरी सोडल्यासारखा हिसका धनुष्याने खाल्लेला असतो; कापूस जिथे अडकेल तिथे चीर असते.