इस्लाममधील पंथोपपंथ : उगम, श्रद्धा आणि सोलापूर परिसर

मुहंमद पैगंबरांच्या निधनानंतर (६३२) मुस्लीम समाजाचे नेतृत्व कोणी करावे या प्रश्नावरून मतभेद सुरू झाले आणि पुढे ते धर्मशास्त्र, कायदा व उपासनापद्धती यांपर्यंत पोचले. त्यांतून निर्माण झालेल्या परंपरा म्हणजे इस्लाममधील पंथ. एकच ईश्वर, मुहंमद हे अखेरचे प्रेषित, कुराण हा ईश्वरी ग्रंथ, नमाज, रोजे, जकात आणि हज या बाबी सुन्नी व शिया या दोन्ही मुख्य पंथांना मान्य आहेत. म्हणजे मूळ फूट श्रद्धेवरून पडलेली नाही, वारसाहक्कावरून पडलेली आहे. श्रद्धेतील भेद मागाहून आले. सोलापुरातील मोहरम पाहताना हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो, नाहीतर बहुसंख्य सुन्नी असलेल्या शहरात शियांचे शोकचिन्ह इतक्या मानाने का मिरवते, याचा उलगडा होत नाही.

पैगंबरांच्या निधनानंतर मदीनेत जमलेल्या सहकाऱ्यांनी अबू बक्र यांना खलीफा निवडले. त्यांच्यामागून उमर, उस्मान आणि पैगंबरांचे चुलतभाऊ व जावई अली हे खलीफा झाले. या चौघांना सुन्नी परंपरा सन्मार्गी खलीफा मानते. अलींच्या पक्षाचे म्हणणे वेगळे होते. पैगंबरांनी अखेरच्या हजहून परतताना गदीर खुम येथे ‘मी ज्याचा मौला, अली त्याचा मौला’ असे सांगितले होते, तेव्हा वारस आधीच ठरला होता, असे ते मानत. हे वचन सुन्नी ग्रंथांतही आढळते. वाद आहे तो ‘मौला’ या एका शब्दाच्या अर्थाचा. सुन्नी पंडित त्याचा अर्थ जिवलग, स्नेही असा करतात, तर शिया धनी, अधिपती असा करतात. ‘शिया’ या शब्दाचा अर्थच पक्ष असा आहे.

६५७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईत अलींनी सीरियाचा सुभेदार मुआविया याच्याशी लवाद स्वीकारला. तेव्हा ‘निवाडा फक्त ईश्वराचा’ म्हणत त्यांचेच काही सैनिक बाहेर पडले. हे खारिजी. ६६१ मध्ये त्यांच्यापैकी एकाने अलींचा खून केला. त्यांच्याशी नाते सांगितला जाणारा, पण बराच सौम्य असा इबादी पंथ आज मुख्यतः ओमानमध्ये आहे. मुआवियाचा मुलगा यजीद गादीवर आल्यावर अलींचे पुत्र हुसेन यांनी त्याची निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला आणि १० ऑक्टोबर ६८० रोजी, म्हणजे हिजरी ६१ च्या मोहरमच्या दहाव्या दिवशी, करबला येथे ते मूठभर साथीदारांसह मारले गेले. तोवर राजकीय असलेल्या पक्षाला या घटनेने पंथाचे रूप दिले.

शियांच्या मते इमाम हा केवळ राज्यकर्ता नसून तो निष्पाप असतो, पैगंबरांच्या वंशातील असतो आणि धर्माचा गूढार्थ जाणतो. साहजिकच प्रत्येक इमामाच्या निधनानंतर पुढचा कोण, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि शियांच्या बहुतेक शाखा याच प्रश्नावर फुटल्या. ७४० मध्ये बंड करून मारले गेलेले हुसेन यांचे नातू झैद यांना मानणारे ते झैदी. त्यांची इमामत येमेनमध्ये १९६२ पर्यंत टिकली. सहावे इमाम जाफर सादिक यांच्या निधनानंतर (७६५) एका गटाने त्यांचे पुत्र मूसा काझिम यांची परंपरा मानली. बारावे इमाम ८७४ पासून गुप्त असून ते महदी (अखेरच्या काळी येणारा उद्धारक) म्हणून परततील, अशी या बारा इमामवाल्यांची (इस्ना अशरी) श्रद्धा आहे. दुसऱ्या गटाने जाफर यांचे दुसरे पुत्र इस्माईल यांचा वंश धरला. त्यातून आफ्रिकेत व इजिप्तमध्ये फातिमी खिलाफत (९०९–११७१) उभी राहिली आणि १०९४ मध्ये तिच्यातही वारसावरून दुफळी झाली. निजारी शाखेचे प्रमुख आगाखान. त्यांचा खोजा समाजावरील अधिकार १८६६ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने मान्य केला. मुस्ताली शाखेतून बोहरा आले. त्यांचे इमाम गुप्त असल्याने त्यांच्या वतीने दाई (धर्मप्रमुख) कारभार पाहतात.

सुन्नींचा इतिहास तुलनेने शांत आहे. जगातील मुस्लिमांपैकी साधारण ८५ ते ९० टक्के सुन्नी आहेत आणि त्यांच्यात हनफी, मालिकी, शाफई व हंबली असे चार न्यायसंप्रदाय आहेत. ते एकमेकांना पाखंडी मानत नाहीत. कोकणी मुसलमान शाफई, तर सोलापूर आणि एकूण देशावरील मुसलमान बहुतांशी हनफी आहेत. हनफी निर्णयांचा मोठा संग्रह औरंगजेबाच्या आज्ञेने सिद्ध झाला. हाच औरंगजेब पुढे १६९५ ते १६९९ या काळात मंगळवेढ्याजवळ भीमाकाठच्या ब्रह्मपुरीस (माचणूर) छावणी टाकून होता.

सोलापूरचा या इतिहासाशी संबंध मात्र त्याहून जुना आहे. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने १५०२ मध्ये शिया पंथ हा राजपंथ म्हणून जाहीर केला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाखाली १५३७ मध्ये तोच मार्ग धरला. गंमत अशी की तोवर विजापूरच्या गादीवर आलेला पहिला इब्राहीम सुन्नी मताकडे वळला होता. त्याच्यानंतरचा अली आदिलशहा पुन्हा शिया, आणि दुसरा इब्राहीम पुन्हा सुन्नी. या पालटांमागे श्रद्धेइतकेच दरबारी राजकारण होते. इराणकडून आलेले आफाकी सरदार बहुधा शिया, तर इथे रुळलेले दखनी सरदार बहुधा सुन्नी असत. सोलापूरचा भुईकोट या दोन घराण्यांच्या मधोमध होता. १५२४ च्या सुमारास आदिलशाही राजकन्या बुऱ्हाणला दिली तेव्हा तो हुंड्यात कबूल झाला, पण हाती पडला नाही आणि त्यावरून पुढे अनेक लढाया झाल्या. अखेर चांदबीबीच्या लग्नात तो निजामशाहीकडून विजापूरला हुंडा म्हणून गेला. पंथ बदलत राहिले, पण किल्ल्यावरचा हक्क कोणी सोडला नाही. १५८९ ते १५९१ या काळात अहमदनगरास जमालखान या सत्ताधारी सरदाराने महदवी मत लादले होते. जौनपूरचे सय्यद मुहंमद (१४४३–१५०५) हेच महदी होत, असे मानणारा हा पंथ.

राजदरबारापेक्षा लोकांत खोल रुजली ती सूफी परंपरा. सूफी हा पंथ नव्हे. सुन्नी चौकटीतच गुरुशिष्यपरंपरेने (सिलसिला) चालणारा तो साधनामार्ग आहे. सोलापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर गुलबर्ग्यास चिश्ती संत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज (मृत्यू १४२२) यांचा दर्गा आहे आणि त्यांच्या उरुसाला या भागातून सर्व धर्मांचे लोक जातात.

मोहरमची पीरांची प्रथा याच दखनी मुशीतली. पितळी किंवा चांदीचा पंजा काठीवर चढवतात, त्याला रंगीत वस्त्र व फुलांचा सेहरा बांधतात, पुढे ऊद जाळतात. पाच बोटे म्हणजे मुहंमद, फातिमा, अली, हसन व हुसेन. पंजे बसवणारे, सवारी (पीराचा संचार) अंगावर घेणारे, नवस बोलून मुलाच्या हातात नाडा बांधणारे बहुतेक सुन्नी असतात, आणि अनेक ठिकाणी हिंदूही. घरोघरी चोंगे, मलिदा व सरबत होते. कट्टर शिया मातमाशी याचे साम्य थोडेच आहे. इथे शोकापेक्षा नवसाचा आणि जत्रेचा भाव अधिक असतो. मराठी भाषेनेही हे सामावून घेतले आहे. निवडणूक प्रचाराचे ताबूत आपण दर वेळी ‘थंडावतो’, आणि ‘हैदोस’ हा शब्दही कोशकार मोहरमच्या आरोळीशी जोडतात.

एकोणिसाव्या शतकात सुन्नींमध्येच नवे भेद पडले. देवबंद (१८६६) येथील मदरशाने शास्त्रशुद्ध हनफी आचाराचा आग्रह धरला. बरेलीचे अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांनी उरूस, फातेहा (मृतांसाठीची प्रार्थना), नियाज (संतांच्या नावाने अन्नदान) आणि पैगंबरांविषयीची भक्ती यांचे शास्त्राधारे समर्थन केले. अहले हदीस कोणताही न्यायसंप्रदाय बंधनकारक मानत नाहीत. सामान्य माणसाला हा फरक ग्रंथांतून नव्हे, मशिदीतून कळतो. जुम्याच्या नमाजनंतर उभे राहून सलाम पढला जात असेल तर मशीद बरेलवी विचारांची, एवढी खूण पुरते. पथारी घेऊन तीन किंवा चाळीस दिवसांसाठी गावोगाव फिरणारी ‘जमात’ देवबंदी वळणाची. पंजे आणि ताबूत मात्र दोन्ही गटांच्या आलिमांना (धर्मपंडितांना) नापसंत आहेत. तरी ते निघतातच. १८८९ मध्ये कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी स्थापलेला अहमदिया पंथ स्वतःला मुसलमान म्हणवतो, परंतु प्रेषितपदाच्या समाप्तीविषयीच्या मतभेदामुळे इतर पंथ त्याला इस्लामबाहेर मानतात.

आचारातील भेद बारीक असले तरी चटकन नजरेस येतात. हनफी नमाजी हात नाभीखाली बांधतो, शिया ते मोकळे सोडतो आणि सजद्यात कपाळाखाली मातीची, शक्यतो करबलाच्या मातीची, वडी ठेवतो. शियांच्या अजानमध्ये अलींच्या नावाचा उच्चार असतो. बोहरा चंद्रदर्शनाची वाट न पाहता फातिमी काळापासूनच्या ठरीव पंचांगाने चालतात. त्यामुळे महाराष्ट्रातील व्यापारी शहरांत सोनेरी काठाची पांढरी टोपी घातलेला बोहरा दुकानदार कित्येकदा एक-दोन दिवस आधीच ईद साजरी करून मोकळा होतो आणि शेजारचा सुन्नी दुकानदार अजून संध्याकाळी गच्चीवरून चंद्रकोर शोधत असतो.